डॉर्कस टेबटची चूक

स्टॅमफर्डमध्ये पुलाकडे उतरणाऱ्या सेंट मेरीच्या चढावर माझं टोप्यांचं दुकान आहे आणि बरोबर समोर टेबटांचं वाइनचं. सुईत दोरा ओवता ओवता मी सारं आयुष्य त्यांच्या दाराकडे बघत आले. तेव्हा त्या घराबद्दल बोलायचा माझ्याइतका हक्क या गावात कुणालाच नाही. चर्चच्या रेक्टरसाहेबांना तर मुळीच नाही. डॉर्कसला मूठमाती देताना त्यांनी जे लांबलचक भाषण केलं, त्यात टेबटांची तीन पिढ्यांची कीर्ती होती, भावाची सचोटी होती, बहिणीची माया होती. डॉर्कस मात्र कुठेच नव्हती. मी हातातला रुमाल पिळत बसले होते. लोकांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय. रडत होतेच, पण त्याहून जास्त चिडले होते.

टेबटांचं नाव काढलं ते आजोबांनी, बर्नबस टेबटांनी. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या घोडागाड्या तेव्हा आमच्या गावात थांबत. थंडीने काकडलेले उतारू सराईत शिरले की आधी पेला मागत आणि मग खुर्ची. बर्नबस अशाच एका सराईत पिंपं उतरवायचे. काटकसर करून त्यांनी चढावरचं हे घर घेतलं, कारण त्याखाली दगडी तळघर होतं. वर माणसं गारठली तरी चालेल, खाली वाइन सुखात राहिली पाहिजे, असा एकूण हिशोब. त्यांचा मुलगा जॅबेझ गादीवर आला आणि ग्रह फिरले. आगगाडीचा मोठा मार्ग आम्हाला टाळून पीटरबरोवरून गेला. घोडागाड्या बंद पडल्या, सराईंच्या अंगणात गवत उगवलं. पुढे सरकारने किराणा दुकानदारांनाही बाटल्या विकायची मुभा दिली. चहा-साखरेच्या पुड्यांबरोबर लोक वाइन घरी न्यायला लागले.

तरी जॅबेझ टेबट तगले, ते त्यांच्या एका शब्दावर. आमच्या भागात मोठ्या घरी मुलगा जन्मला की त्याच्या नावाने पोर्ट वाइनचं एक अख्खं पिंप घ्यायची पद्धत आहे. ती वाइन टेबटांच्या तळघरात बाटल्यांत भरायची, बुचं ठोकायची, प्रत्येक बाटलीच्या वरच्या अंगाला चुन्याचा फराटा ओढायचा, म्हणजे पुढे कधी हलवावी लागली तरी तशीच आडवी ठेवता येते आणि आतला गाळ ढवळत नाही. मग मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिला अंधारात सोडून द्यायचं. त्या वाढदिवशी जॅबेझ टेबट काळा कोट घालून जात, सगळ्यांदेखत पहिली बाटली उघडत, घोटभर चाखत आणि म्हणत, “निकोप आहे.” तेवढंच. त्यानंतरच घरचे लोक पेल्याला हात लावत. आठवडाभर आधी ते एक बाटली घरी पारखून ठेवत; ती बिघडलेली निघाली, तर तसं कबूल करून ते बदल्यात दुसरी देत. टेबटांनी निकोप म्हटलेली वाइन नासकी निघाली असं कधी घडलं नव्हतं.

स्वतःच्या मुलासाठीही त्यांनी पिंप ठेवलं होतं. लेम्युएल त्याचं नाव. त्याच्या आधी चार वर्षं जन्मलेल्या डॉर्कससाठी ठेवलं नव्हतं. लहानपणी तिने तळघर सांभाळणाऱ्या विगिनला विचारलं, “माझं पिंप कुठंय?”

“मुलीचं पिंप कशाला ठेवायचं, छकुले?” विगिन म्हणाला. “नवरा येईल, ढोसून जाईल, आणि वर म्हणेल हुंडा कमी पडला.”

सगळे पोट धरून हसले. डॉर्कसही हसली. तळघरात तर तिला पाऊल टाकायचीही बंदी होती. बाई खाली उतरली की वाइन आंबते, अशी त्या घराची पक्की समजूत. खाली उतरायचंच नाही म्हटल्यावर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची. वडील वर आले की त्यांच्या कोटाची बाही नाकाशी धरायची आणि आज कोणत्या कप्प्यातली बाटली फुटली, कोणती उघडली, ते सांगायची. एकदाही चुकली नाही. जॅबेझ खूश होऊन म्हणत, “अरेरे, ही पोरगी मुलगा असती तर!” तिला ते ऐकायला फार आवडायचं. माझं डोकं तडकायचं. मुलगी आहे तर नाक काय दुसऱ्याचं झालं?

नाक खरोखरच नव्हतं ते लेम्युएलला. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड, गिऱ्हाईक आलं की दारापर्यंत पोचवायला जाणारा. पण लहानपणी लाल पुरळाचा ताप आला, त्यात त्याचा वास गेला तो कायमचाच. डॉर्कसला ते कळलं न्याहारीच्या टेबलावर. नासकं अंडं फुटल्याबरोबर तिने नाकाला पदर लावावा तसा रुमाल लावला, आणि हा शांतपणे चमचा भरून तोंडात घालायला निघाला. तिने चमचा हातातून उडवला. नंतर त्याने परसात तिचे पाय धरले. “डॉर्की, बाबांना सांगू नकोस. त्यांनी दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाची जागा मोकळी ठेवलीय.”

तिने सांगितलं नाही. वर त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी त्याला तारून नेलं. त्या दिवशी मी तिथे होते. टेबटांच्या बैठकीत गावातली गिऱ्हाइकं जमली होती, टेबलावर मनुकांचा पाव आणि पार्सलीचा पाला भरलेलं खारं डुकराचं मांस मांडलं होतं, आणि तीन बाटल्यांतून आपल्या जन्माची वाइन ओळखायची अशी मुलाची परीक्षा होती. ओतायचं काम डॉर्कसचं. घरच्या बाईने ओतलं तर कुणाची हरकत नव्हती, चाखायचं काम तेवढं पुरुषांचं. ओतून झालं की बाटलीचं तोंड फडक्याने पुसतात, ते ती पुसत होती. पहिलीचं एकदा पुसलं. दुसरीचं दोनदा पुसलं. तिसरीचं पुन्हा एकदाच. ही त्या दोघांची ठरलेली खूण. लेम्युएलने तिन्ही पेले चाखल्याचं सोंग केलं, डोळे मिटले, आणि दुसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं. टाळ्या पडल्या. जॅबेझ टेबटांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी रंगारी शिडी लावून चढला आणि पाटीवर ‘टेबट आणि पुत्र’ झळकलं.

मी दुकानातून बघत होते, डॉर्कस माझ्या शेजारी उभी होती.

“आता तरी बरं वाटलं का?” मी विचारलं. “नाक तुझं आणि नाव त्याचं.”

“मर्सी, तुझी जीभ म्हणजे कात्री आहे.”

“टोप्या कापून कापून झालीय तशी. तू बोल ना खरं.”

पाटीकडे बघत ती म्हणाली, “नाव नको गं मला. पण एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं की ही पारख डॉर्कसची आहे. मग मी मरायला मोकळी.”

इतकंच तिचं मागणं होतं. त्यासाठी ती काय काय सोडत गेली, ते मी पाहिलं आहे. शाळामास्तर पिंचबेक तिच्यासाठी दर रविवारी चर्चमधून आमच्याबरोबर लांबच्या वाटेने घरी यायचे. सज्जन माणूस, जरा बोजड, पण तिच्यावर जीव होता. तिने नकार दिला. ती घर सोडून गेली असती तर लेम्युएल पुढच्या महिन्यात उघडा पडला असता. लेम्युएलनेही लग्न केलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. घरात तिसरं माणूस आलं की गुपित फुटणार, हे त्यालाही कळत होतं. म्हणजे एका नाकापायी दोन संसार गेले. वाइनचे नमुने यायचे, गिऱ्हाइकं बसायची, डॉर्कस ओतायची आणि पुसायची. आता खूण अशी: एकदा पुसलं म्हणजे निकोप, दोनदा पुसलं म्हणजे बिघडलेली. लेम्युएल मान हलवून निकाल द्यायचा. पीटरबरोचे व्यापारीसुद्धा त्याचं मत घ्यायला यायचे.

जॅबेझ टेबट गेले त्या आजारात डॉर्कस त्यांना चमच्याने पेज भरवत होती. त्यांनी तिच्या खांद्यावरून लेम्युएलकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरा, तुझ्या नाकाने घराणं राखलंस. मी सुखाने जातो.” डॉर्कसने त्यांचे ओठ पुसले आणि पुढचा चमचा भरला. मला हे तिनेच सांगितलं, अगदी सहज. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, “मरणाऱ्या माणसाशी वाद घालू का?”

मग अठराशे नव्वद सालच्या जानेवारीत तापाची मोठी साथ आली. गावात घरटी माणूस आडवं पडलं. डॉर्कस महिनाभर अंथरुणाला खिळली आणि उठली ती चेहऱ्याची रया गेलेली. मार्चमध्ये, लेंटच्या उपवासकाळातल्या जत्रेच्या सुमाराला ती माझ्या दुकानात बसली होती. मी गिऱ्हाइकाकडे गेले, आणि इस्त्री एका रेशमी फितीवर तशीच राहिली. परत आले तर दुकानभर करपट वास आणि फीत काळी ठिक्कर. डॉर्कस त्या फितीपासून हातभर अंतरावर बसून खिडकीबाहेर बघत होती.

“अगं, फीत जळली की! वास नाही आला तुला?”

ती दचकली. तिने जळकी फीत उचलली, नाकाला लावली, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिचा चेहरा मला बघवेना.

“सर्दी आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तापापासून.”

“लेम्युएलला सांगितलंस?”

“येईल परत. काहींना येतो.”

“डॉर्कस, आजच्या आज त्याला सांग. मेमध्ये कॉन्यर्सांच्या मुलाचा एकविसावा आहे. तू एकदा पुसलंस की तो अख्ख्या परगण्यासमोर निकोप म्हणून मोकळा होईल.”

“आणि सांगितल्यावर मी त्या घरात कोण?” ती एकदम उसळून बोलली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “पाटीवर नाही, तळघरात नाही, बाबांच्या तोंडी नाही. एक नाक होतं. ते गेलं म्हणून सांगू, आणि मग काय करू? पडदे शिवू?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, तरी मी हट्ट सोडला नाही. सांगेन, असं तिने कबूल केलं. सांगितलं नाही.

कॉन्यर्स हे आमच्या भागातलं बडं घराणं; त्यांची वाइन जॅबेझ टेबटांनी स्वतः भरली होती, त्यांच्या उमेदीच्या काळात. वाढदिवसाच्या आधी लेम्युएलने रीतीप्रमाणे एक बाटली वर आणवली आणि डॉर्कसने ओतली. नंतर तिने मला सांगितलं की तिने पेला उजेडात धरून रंग बघितला, तो माणकासारखा होता. त्याच वर्षाची शेजारच्या कप्प्यातली वाइन तिने शरद ऋतूत पारखली होती, ती उत्तम होती. आणि वडिलांचा हात तिला ठाऊक होता. बाबांनी भरलेली वाइन वाईट कशी असेल? तिने बाटलीचं तोंड एकदा पुसलं. लेम्युएल म्हणाला, “झालं तर मग.” दोघंही समाधानाने जेवायला बसले. वास न येणारी दोन माणसं एका बाटलीभोवती बसली होती, आणि त्यातल्या एकालाच ते ठाऊक होतं.

वाढदिवसाला आम्हा गावकऱ्यांनाही आमंत्रण होतं. हिरवळीवर तंबू ठोकले होते. दुकानदारांच्या टेबलावर बिअर आणि थंड मांस, आणि पलीकडे, घराच्या पायऱ्यांपाशी, बड्या मंडळींचं टेबल. डॉर्कस माझ्याशेजारी बसली होती, मीच केलेली करड्या रंगाची टोपी घालून. लेम्युएल वडिलांचा काळा कोट घालून उभा राहिला. बाटली उघडली, सावकाश ओतली, घोट घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “निकोप आहे.”

पेले वर झाले, ओठांना लागले, आणि एकेक करून खाली ठेवले गेले. ज्याचा वाढदिवस, त्या जेराल्डने बिचाऱ्याने भीड म्हणून अख्खा पेला संपवला आणि तोंडावर हात धरला. शेवटी त्याचे आजोबा, म्हातारे कर्नल, मोठ्याने म्हणाले, “टेबट, ही वाइन आहे की तळघरातली भिजकी पोती? बुचाचा कुबट वास मारतोय, तो तुला येत नाही?”

बुचं खराब निघाली होती. अख्ख्या पिंपाच्या बाटल्यांची. असा कुबटपणा जिभेला कळत नाही, तो फक्त वासातच असतो.

लेम्युएलने पेला पुन्हा नाकाशी धरला. उगाचच, सवयीने. मग त्याने मान वळवली आणि सगळी हिरवळ ओलांडून डॉर्कसकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की माझी बोटं बधिर झाली. त्याला सगळं कळलं. तो कर्नलकडे वळला.

“साहेब, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “माझ्या नाकाने दगा दिला. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.”

खरं सांगते, मला त्या क्षणी लेम्युएल टेबटबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. भर सभेत आपल्या इभ्रतीवर पाणी सोडून त्याने बहिणीला झाकलं होतं. शेजारी बघितलं तर डॉर्कसचा चेहरा पांढराफटक पडलेला. मला वाटलं, शरमेने.

घरी आल्यावर तो बैठकीत कोट न काढताच बसला. मी डॉर्कसला एकटी सोडायला तयार नव्हते.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“जानेवारीपासून.”

“मला सांगायचं नाहीस, डॉर्की?”

“तू कधी कुणाला सांगितलंस?”

त्याने मान खाली घातली. “जाऊ दे. मी निभावून नेलं ना? तुझं नाव कुठे येऊ दिलं नाही.”

“हो,” ती म्हणाली. “कधीच येऊ दिलं नाहीस.” “लेम, सतरा वर्षं मी जे जे बरोबर ओळखलं ते तुझं झालं. मी कुरकुर केली का? पण आजची चूक माझी होती. पुरतीच्या पुरती माझी. ती तरी मला द्यायचीस! लोकांनी म्हटलं असतं, डॉर्कस टेबट चुकली. चुकायला तरी आधी पारख असावी लागते ना!”

लेम्युएलने तिच्यावर उपकार केले होते, आणि ती रडत होती. मलाही त्या वेळी समजायला जरा वेळ लागला. मग तोच हळू आवाजात म्हणाला, “काय करू सांग. सांगशील ते करतो.”

“तू काही करू नकोस. मी करते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉन्यर्सांकडे निघाली. मी दुकानाला कुलूप लावून तिच्याबरोबर गेले. बाईसाहेब कॉन्यर्स आम्हाला बैठकीच्या खोलीत भेटल्या. भली बाई. आम्हाला बसवलं, जेराल्डचं पोट आता ठीक आहे म्हणून सांगितलं. डॉर्कस बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, अगदी सरळ, काही न झाकता. भावाला लहानपणापासून वास येत नाही. त्याच्या नावावर झालेला प्रत्येक निवाडा माझा. या तापात माझाही वास गेला, मी लपवलं, आणि तुमच्या मुलाच्या सोहळ्याची माती केली. चूक लेम्युएलची नाही, माझी आहे.

बाईसाहेब ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची माया वाढत चालली, आणि ती बघून मला धडकी भरायला लागली.

“मिस टेबट,” त्या हळुवारपणे म्हणाल्या, “तुम्ही तुमच्या तळघरात कधी उतरला आहात का?”

“नाही, बाईसाहेब. आमच्यात बायका उतरत नाहीत.”

“बरं. या फुलदाणीत कसली फुलं आहेत, डोळे मिटून सांगाल?”

“तेच तर सांगतेय. आता मला वास येत नाही.”

“अर्थातच,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि उठून त्यांनी डॉर्कसचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते. “माझ्याही भावासाठी मी असंच केलं असतं. काळजी करू नका. मी यांना सांगते. जिथे अशी बहीण आहे, त्या घराशी आम्ही व्यवहार तोडणार नाही.”

“बाईसाहेब, मी खोटं बोलत नाहीये.”

“नाही, नाही. याला कुणी खोटं म्हणणार नाही.”

मी मध्ये पडले. शपथेवर सांगते म्हटलं, मी साक्षीला आहे म्हटलं. बाईसाहेबांनी माझ्याकडेही तशाच कौतुकाने बघितलं, मैत्रीण असावी तर अशी. मग त्यांनी घंटी वाजवली आणि आमच्यासाठी चहा मागवला. चहा आला. डॉर्कसने तो सगळा प्यायला, कारण दुसरं काय करणार?

बाईसाहेबांनी शब्द पाळला. बहिणीने भावाचा दोष स्वतःवर घेतला, ही गोष्ट त्यांनी चार घरी सांगितली, चारांची चाळीस झाली. टेबटांचं दुकान बुडालं नाही, उलट लोकांची सहानुभूती मिळाली. लेम्युएलने नंतर दोन-तीन जणांना स्वतः खरं सांगून पाहिलं. लोकांनी त्याची पाठ थोपटली, भाऊसुद्धा बहिणीइतकाच थोर म्हणून.

त्या दिवशी परतताना आम्ही नदीकाठच्या वाटेने आलो. पूल जवळ आल्यावर डॉर्कस थांबली.

“मर्सी, तुला तरी खरं वाटतं ना?”

“वाटायचं काय त्यात? मला ठाऊक आहे. या गावात तुझ्यासारखी पारख कुणाचीच नव्हती.”

“हं,” ती म्हणाली, आणि माझा हात धरून चढ चढायला लागली. अख्ख्या आयुष्यात तिने जे एक वाक्य मागितलं, ते मी तिला दिलं होतं. ते एकट्या माझ्या तोंडून तिला पुरलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.